अँड्र्यूजच्या छाप्यातले बावीस सैनिक : एकेकाची फाईल कशी उभी करायची

१२ एप्रिल १८६२, शनिवार. अमेरिकेतल्या यादवी युद्धाचं दुसरं वर्ष सुरू झालेलं. जॉर्जियातल्या बिग शँटी या छोट्या स्टेशनावर उत्तरेकडे जाणारी गाडी न्याहारीसाठी थांबली. ड्रायव्हर, कंडक्टर आणि उतारू समोरच्या हॉटेलात खायला गेले. साध्या कपड्यांतल्या, उत्तरेच्या बाजूच्या वीस जणांनी तेवढ्यात मागचे डबे सोडवले आणि ‘जनरल’ हे इंजिन तीन मालडब्यांसह पळवलं. समोर कॉन्फेडरेट, म्हणजे दक्षिणेच्या, फौजेची छावणी होती, पहारेकरी बघत होते. स्टेशनात तार ऑफिस नव्हतं, म्हणूनच हे ठिकाण निवडलं होतं. वाटेत तारा तोडायच्या, रूळ उखडायचे, पूल जाळायचे आणि टेनेसीतल्या चॅटनूगाला अटलांटाकडून मिळणारी कुमक बंद करायची, असा बेत होता. कंडक्टर विल्यम फुलर आधी पायी, मग ढकलगाडीवर, मग एकामागून एक तीन इंजिनांवर स्वार होऊन मागे लागला. शेवटचं ‘टेक्सास’ तर त्याने उलटं, मागच्या बाजूने पळवलं. पावसाने भिजलेले पूल पेटेनात. सुमारे १४० किलोमीटरनंतर रिंगगोल्डजवळ ‘जनरल’चं इंधन-पाणी संपलं, माणसं रानात पांगली आणि काही दिवसांत सगळी पकडली गेली.

अँड्र्यूजच्या छाप्याची एवढी कथा कुठेही वाचायला मिळते. या लेखात कथेमागच्या माणसांचे कागद कसे शोधायचे ते सांगायचं आहे. ते बहुतेक सगळे आज घरबसल्या शोधता येतात, मग तुम्ही साताऱ्यात असा की थेट अटलांटात. आपल्याकडे या युद्धाची आठवण निघते ती मुंबईच्या कापसाच्या तेजीपुरती. त्या तेजीमागच्या युद्धात प्रत्यक्ष लढणारी पोरं कोण होती, हे पाहायला छाप्याएवढं आटोपशीर प्रकरण दुसरं नाही. माणसं मोजकी, तारखा पक्क्या, कागद भरपूर.

माझं सांगणं एकच : छाप्याची फाईल करू नका, माणसाची करा. बावीस सैनिक, बावीस फायली. छाप्याची म्हणून एकच फाईल केली की सगळे कागद दोन-तीन प्रसिद्ध नावांभोवती गोळा होतात आणि बाकीचे ‘इत्यादी’ होऊन जातात.

पहिली पायरी : आकडा पक्का करा

कुठे वीस, कुठे बावीस, कुठे चोवीस असं वाचाल आणि गोंधळाल. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. मोहिमेवर निघाले चोवीस : म्होरक्या जेम्स अँड्र्यूज, त्याच्यासारखाच नागरिक असलेला विल्यम कॅम्पबेल आणि ओहायोच्या तीन पायदळ रेजिमेंटांतले बावीस सैनिक. त्यांपैकी दोघे वाटेतच अडवले गेले आणि संशय टाळायला कॉन्फेडरेट सैन्यात भरती झाले. आणखी दोघे मॅरिएटाच्या हॉटेलात झोपून राहिले आणि त्यांची गाडी चुकली. उरलेले वीस इंजिनावर होते.

बावीस जण रेजिमेंटनुसार असे :

दुसरी ओहायो : विल्यम पिटेंजर, मॅरियन रॉस, फिलिप शॅड्रॅक, जॉर्ज विल्सन, जेम्स (ओव्हिड) स्मिथ.

एकविसावी ओहायो : विल्यम बेन्सिंगर, विल्सन ब्राउन, रॉबर्ट बफम, विल्यम नाइट, एलिहू मेसन, जॉन रीड पोर्टर, जॉन स्कॉट, जॉन अल्फ्रेड विल्सन, मार्क वुड.

तेहतिसावी ओहायो : डॅनियल डॉर्सी, मार्टिन हॉकिन्स, जेकब पॅरट, विल्यम रेडिक, सॅम्युएल रॉबर्टसन, सॅम्युएल स्लाव्हेन्स, जॉन वॉलम, सॅम्युएल लेवेलिन.

यादी जुळते का ते शेवटावरून तपासा. सहा सैनिक १८ जून १८६२ रोजी अटलांटात फाशी गेले : रॉस, शॅड्रॅक, जॉर्ज विल्सन, स्कॉट, रॉबर्टसन आणि स्लाव्हेन्स. कॅम्पबेलला त्यांच्याबरोबरच फाशी दिलं. अँड्र्यूजला त्याआधी, ७ जूनला. आठ जण १६ ऑक्टोबरला अटलांटाच्या तुरुंगातून पळाले : नाइट, ब्राउन, डॉर्सी, हॉकिन्स, पोर्टर, वॉलम, वुड आणि जॉन अल्फ्रेड विल्सन. सहा जण मार्च १८६३ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत सुटले : पॅरट, पिटेंजर, बेन्सिंगर, बफम, मेसन आणि रेडिक. राहिले अर्ध्या वाटेवरचे स्मिथ आणि लेवेलिन. सहा, आठ, सहा, दोन : बावीस. पुढे कुठल्या कागदात एखादा माणूस भलत्याच गटात दिसला, तर तो कागद संशयाने वाचायचा.

दुसरी पायरी : नावांचा ताळा

खरी वेळखाऊ गोष्ट हीच. त्या काळी कंपनीचा (रेजिमेंटमधल्या तुकडीचा) कारकून ऐकू येईल तसं नाव लिहायचा आणि पुष्कळ सैनिक त्याला दुरुस्तही करत नसत. शॅड्रॅकच्या शेवटी कुठे ‘सीके’ आहे, कुठे ‘सीएच’. पहिलं नाव कुठे फिलिप, कुठे पेरी, कुठे चार्ल्स. वॉलममध्ये कधी एक ‘एल’, कधी दोन, कधी एखादा जादा ‘ओ’. वुडच्या मागे कधी ‘एस’ लागतो. ओव्हिड स्मिथ तर भरतीच्या वहीत जेम्स स्मिथ म्हणूनच आहे, आणि जेम्स स्मिथ नावाचे सैनिक त्या फौजेत पैशाला पासरी.

विल्सन दोन आहेत, दुसरीतला जॉर्ज आणि एकविसावीतला जॉन अल्फ्रेड. त्यात विल्सन ब्राउनचं पहिलंच नाव विल्सन. आणि फुलरने पाठलागात वापरलेल्या एका इंजिनाचं नाव ‘विल्यम आर. स्मिथ’! संगणकाच्या शोधपेटीत हे सगळं एकत्र कालवलं जातं.

म्हणून प्रत्येक फाईलच्या पहिल्या पानावर नावाची सापडलेली सगळी रूपं लिहा आणि प्रत्येकापुढे रेजिमेंट व कंपनी. शोध नावाने सुरू करा, पण खात्री रेजिमेंट आणि कंपनीनेच करा. पॅरट तेहतिसावीच्या के कंपनीत, पिटेंजर दुसरीच्या जी कंपनीत, नाइट एकविसावीच्या ई कंपनीत. ही जोडी जुळली नाही तर माणूस दुसराच आहे असं धरून चाला.

तिसरी पायरी : ओहायोचं छापील रोस्टर

ओहायो राज्याने आपल्या सगळ्या सैनिकांची बारा खंडांची यादी छापली आहे. कंपनीवार नाव, हुद्दा, भरतीच्या वेळचं वय, तारीख, मुदत आणि शेरा. इंटरनेट आर्काइव्हवर ती फुकट वाचता येते. संबंधित पानं उतरवून घ्या आणि पुढे चला. शेरे त्रोटक आहेत, त्यांवर फार विसंबू नका.

चौथी पायरी : सर्व्हिस रेकॉर्ड

वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये प्रत्येक स्वयंसेवक सैनिकाचा एक लिफाफा आहे. त्यात हजेरीपटावरून उतरवलेली कार्डं असतात : अमुक दोन महिन्यांत हजर, गैरहजर, आजारी, कैदेत. ही कार्डं युद्धातली नाहीत, हे सुरुवातीलाच लक्षात घ्या. पेन्शनचे दावे पटापट तपासता यावेत म्हणून युद्ध खात्याच्या कारकुनांनी १८९० च्या आसपास मूळ हजेरीपटांवरून ती नकलून काढली. म्हणजे नक्कल करताना झालेली चूकही त्यात आली. मूळ हजेरीपट वेगळे जपलेले आहेत. शंका आली तर तिथवर जाता येतं.

कोण कुठल्या रेजिमेंटमध्ये होता हे नॅशनल पार्क सर्व्हिसच्या सैनिक-नाविक डेटाबेसवर फुकट पाहता येतं. ओहायोच्या पायदळाचे सगळेच लिफाफे इंटरनेटवर मिळतील असं धरू नका, प्रत मागवावी लागू शकते. मागणी भारतातूनही करता येते. नाव, राज्य, रेजिमेंट, कंपनी नीट भरा. शुल्क बदलत असतं, म्हणून आधी त्या दिवशीचा दर पाहा.

लिफाफा हाती आला की एप्रिल १८६२ च्या आधीची आणि नंतरची कार्डं शेजारी-शेजारी ठेवून वाचा. कंपनीला आपला माणूस कुठे गेला हे किती ठाऊक होतं आणि कधी कळलं, ते तिथे दिसतं. मोहीम गुप्त होती, हजेरीपट मात्र रोजच्या कामाचा कागद. या दोन गोष्टी एकमेकींना कशा निभावतात, ते पाहण्यात खरी गंमत आहे.

पाचवी पायरी : पेन्शनच्या फायली

वेळ आणि पैसा दोन्ही मर्यादित असतील तर ते इथेच खर्च करा, असं माझं मत. सर्व्हिस रेकॉर्ड सैनिक दाखवतं, पेन्शनची फाईल माणूस दाखवते.

पेन्शन मिळवायची तर पुरावा द्यावा लागे. जखमी सैनिकाला सरकारी डॉक्टरांच्या मंडळापुढे उभं राहावं लागे आणि ते अंगावरची प्रत्येक खूण लिहून घेत. विधवेला लग्न सिद्ध करावं लागे. मग पाद्र्याचा दाखला, शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, कधी घरच्या बायबलचं जन्म-मृत्यू टिपलेलं पान फाडूनच जोडलेलं. अविवाहित मुलगा गेला आणि आई त्याच्या पगारावर जगत होती, तर तीही अर्ज करू शकत असे. त्यामुळे फाशी गेलेल्या सहा जणांच्या बाबतीत सैनिकाचाच दावा शोधून थांबू नका. विधवा, आई, अज्ञान मुलं, सगळ्या प्रकारांत शोधा.

सुरुवात निर्देशिकेपासून. नावानुसार लावलेली निर्देशिका फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट खातं उघडून पाहता येते. एका कार्डावर सैनिकाचं नाव, रेजिमेंट, अर्जाची तारीख, अर्जाचा क्रमांक आणि मंजूर झाला असल्यास प्रमाणपत्राचा क्रमांक असतो. हे दोन्ही क्रमांक टिपून ठेवा, प्रत मागवताना ते लागतात.

नवशिक्यांना सहसा ठाऊक नसलेली एक दुसरी निर्देशिकाही आहे, राज्य, रेजिमेंट आणि कंपनी या क्रमाने लावलेली. नावाचं स्पेलिंग पार बिघडलेलं असेल तर सगळी कंपनीच्या कंपनी चाळायची. शंभर-सव्वाशे कार्डं फार तर. वॉलम आणि शॅड्रॅकसारख्यांसाठी हाच रस्ता धरा. ही निर्देशिका फोल्ड३ या वर्गणीच्या संकेतस्थळावर आहे. महिन्याभराची वर्गणी घेऊन सगळ्या कंपन्या एकदम उरकणं शहाणपणाचं.

फाईल वाचताना एक पथ्य पाळा. पेन्शनच्या प्रतिज्ञापत्रात माणूस पैशासाठी बोलत असतो. तो खोटंच बोलतो असं नाही, पण कैदेतले हाल, चाबकाचे वळ, तेव्हापासूनचा संधिवात ठळक होतो आणि बाकीचं मागे पडतं. वीस-तीस वर्षांनी सांगितलेली तारीख तारीख म्हणून घेऊ नका.

सहावी पायरी : सरकारी अहवाल

अमेरिकी सरकारने युद्धाचे कागद दोन्ही बाजूंनी गोळा करून छापले. १२८ जाडजूड पुस्तकं आहेत आणि ती सगळी इंटरनेटवर फुकट आहेत. आपल्याला हवा पहिल्या मालिकेतला दहावा खंड, पहिला भाग. जज ॲडव्होकेट जनरल (लष्कराचे मुख्य कायदा अधिकारी) जोसेफ होल्ट यांचा मार्च १८६३ चा अहवाल त्यात आहे. कैदेतून सुटून वॉशिंग्टनला पोचलेल्यांच्या जबान्या घेऊन तो लिहिला गेला. सुटका आणि जबानी यांत जेमतेम आठवडा, त्यामुळे सैनिकांच्या तोंडचा इतका ताजा मजकूर दुसरीकडे मिळणं कठीण. इंजिन कोणी चालवलं ते सांगावं म्हणून पॅरटला दगडावर ओणवं करून शंभरावर फटके मारले, हे त्यातच आहे. त्याने सांगितलं नाही.

होल्टही कोरडा साक्षीदार नव्हता, हेही पाहा. फाशी गेलेले गुप्तहेर नव्हते, सैनिक होते, हे त्याला ठसवायचं होतं. माणसं साध्या कपड्यांत शत्रूच्या मुलखात शिरली होती, आणि त्यामुळेच हा मुद्दा दोन्ही बाजूंना जिव्हारी लागणारा होता. त्याच पुस्तकमालेची दुसरी मालिका युद्धकैद्यांविषयी आहे. तिची सूची उघडा आणि बावीस नावं एकेक करून तपासा. कंटाळवाणं काम आहे, पण दुपारभरात होतं.

वुड आणि जॉन अल्फ्रेड विल्सन यांच्यासाठी नौदलाकडेही वळा. हे दोघे चॅटाहूची नदीने दक्षिणेला खाली उतरत मेक्सिकोच्या आखातापर्यंत गेले आणि तिथे नाकेबंदीवरच्या उत्तरेच्या जहाजाने त्यांना उचललं. युद्धनौकांच्या रोजनिश्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. पायदळाच्या सैनिकाचा माग जहाजाच्या रोजनिशीत काढायचा, हे फक्त याच दोघांच्या बाबतीत.

सातवी पायरी : दक्षिणेची बाजू

वेस्टर्न अँड अटलांटिक ही रेल्वे खाजगी नव्हती, जॉर्जिया राज्याच्या मालकीची होती. म्हणून तिचे कागद जॉर्जियाच्या राज्य पुराभिलेखागारात शोधायचे. अटलांटाच्या ‘सदर्न कॉन्फेडरसी’ या वर्तमानपत्राने १५ एप्रिल १८६२ च्या अंकात, म्हणजे घटनेनंतर तीनच दिवसांनी, पाठलागाची सविस्तर हकीकत छापली. जॉर्जियाच्या जुन्या वर्तमानपत्रांचा डिजिटल संग्रह फुकट आहे. त्यात आपल्या सैनिकांची नावं नाहीत म्हणून हिरमुसू नका. कोणते पूल, कोणतं स्टेशन, किती वाजले, कोण मागे धावलं, हे पाठलाग करणाऱ्यांच्या तोंडून तिथे येतं.

अँड्र्यूजवर चॅटनूगात आणि सात जणांवर नॉक्सव्हिलमध्ये लष्करी खटले चालले. खटले, तुरुंग, बदल्या यांचे जे कागद वाचले ते ‘वॉर डिपार्टमेंट कलेक्शन ऑफ कॉन्फेडरेट रेकॉर्ड्स’ या गटात आहेत. तुरुंगांची साखळी लक्षात ठेवा : चॅटनूगा, नॉक्सव्हिल, अटलांटा आणि शेवटच्या सहा जणांसाठी रिचमंडचं कॅसल थंडर. प्रत्येक ठिकाणची नोंद वेगळी आणि स्पेलिंगही वेगळं.

आठवी पायरी : आठवणी आणि वर्तमानपत्रं

पिटेंजरने सुटल्याबरोबर, १८६३ मध्येच, आपली हकीकत पुस्तकरूपात आणली. पुढे तो धर्मोपदेशक झाला आणि तीच हकीकत वाढवून, बदलून पुन्हापुन्हा छापत राहिला. सगळ्या आवृत्त्या जुन्या असल्याने फुकट मिळतात. उद्धृत करायची तर पहिली घ्या. नंतरच्यांचा उपयोग, काय भर पडली ते पाहण्यापुरता. छाप्याला प्रसिद्धी बरीचशी पिटेंजरच्या लेखणीमुळे मिळाली, त्यामुळे प्रसंग त्याच्या नजरेने दिसतात. ज्यांनी लिहिलं नाही त्यांचं म्हणणं पेन्शनच्या फायलीत शोधावं लागतं.

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ संग्रहात ‘नॅशनल ट्रिब्यून’ हे माजी सैनिकांचं वॉशिंग्टनचं पत्र आहे. म्हातारे सैनिक त्यात एकमेकांशी कडाकडा भांडतात. वाचायला मजा येते, पुरावा म्हणून मात्र जपून. गावच्या वर्तमानपत्रातला मृत्युलेखही उपयोगी, विशेषतः मुलं-नातवंडं कुठे पांगली हे कळायला.

नववी पायरी : पदक आणि थडगं

२५ मार्च १८६३ रोजी युद्धमंत्री एडविन स्टँटन यांनी सुटलेल्या सहा जणांना मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च लष्करी शौर्यपदक दिलं. सर्वांत आधी जेकब पॅरटला. प्रत्यक्ष दिलं गेलेलं हे पहिलं मेडल ऑफ ऑनर. ‘पहिलं’ या शब्दावरून वाद घालणारे भेटतील, कारण त्याहून आधीच्या, फेब्रुवारी १८६१ च्या कामगिरीसाठी बर्नार्ड अर्विन या सैनिकी डॉक्टरला हेच पदक आहे. पण त्याला ते मिळालं १८९४ मध्ये. म्हणून फाईलमध्ये पदकाच्या दोन तारखा वेगळ्या लिहा : कामगिरीची आणि प्रदानाची. छाप्यातल्या सर्वांच्या कामगिरीचा महिना एकच, एप्रिल १८६२. प्रदान मात्र विखुरलेलं.

शॅड्रॅक आणि जॉर्ज विल्सन यांना पदक मिळायला ३ जुलै २०२४ उजाडावं लागलं. व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी ते त्यांच्या वंशजांकडे दिलं. दोघेही त्याच दिवशी, त्याच फासावर गेलेले, तरी राहून गेले होते. तुम्ही २०२४ च्या आधीचं पुस्तक वा लेख वापरत असाल तर त्यातला पदक मिळालेल्या सैनिकांचा एकोणीस हा आकडा आता एकवीस करायचा.

थडग्यांसाठी चॅटनूगाचं राष्ट्रीय दफनस्थान. अँड्र्यूज आणि फाशी गेलेले सात जण तिथे अर्धवर्तुळात पुरलेले आहेत. ओहायोने १८९० मध्ये उभारलेल्या स्मारकाच्या माथ्यावर ‘जनरल’ची काशाची छोटी प्रतिकृती आहे. बाकीचे ठिकठिकाणी. पॅरट ओहायोतल्या केंटनमध्ये आहे. थडग्याच्या दगडावरचं स्पेलिंग, तारीख फोटोसकट टिपा, पण नंतर बसवलेला दगड जन्मतारखेचा पुरावा होत नाही. त्यासाठी १८५० आणि १८६० ची जनगणना पाहा. घरातल्या प्रत्येक मुक्त माणसाचं नाव लिहिलेली पहिली जनगणना १८५० ची. १८९० ची जवळजवळ सगळी नष्ट झाली, तरी तिच्यातली ओहायोच्या माजी सैनिकांची खास यादी शिल्लक आहे. ती सोडू नका.

अटलांटा भागातल्या मराठी मंडळींना एक सोय अशी की दोन्ही इंजिनं हाकेच्या अंतरावर आहेत. ‘जनरल’ केनेसॉच्या, म्हणजे जुन्या बिग शँटीच्या, सदर्न म्युझियममध्ये, आणि ‘टेक्सास’ अटलांटा हिस्टरी सेंटरमध्ये. दोन्हीकडे अभ्यासकांसाठी ग्रंथालय आहे. जाण्याआधी ईमेल करून वेळ आणि हवी ती नावं कळवा.

फाईल कशी ठेवायची

प्रत्येक कागदाच्या नोंदीत चार गोष्टी हव्याच : कागद कधी तयार झाला, कोणी केला, मूळ कुठे आहे, मी तो कुठे पाहिला. स्कॅनच्या नावात रेजिमेंट आधी, मग कंपनी, मग आडनाव, मग वर्ष. म्हणजे संगणक आपोआप कंपनीवार लावतो. जो मजकूर उतरवून घ्याल तो जसाच्या तसा, चुकांसकट. दुरुस्ती वेगळ्या रकान्यात. दोन कागद भांडत असतील तर दोघांनाही राहू द्या आणि घटनेच्या जवळचा कोणता तेवढं लिहा.

अवघड फायली

अँड्र्यूज आणि कॅम्पबेल सैनिक नव्हते, म्हणून त्यांना ना सर्व्हिस रेकॉर्ड, ना मेडल ऑफ ऑनर. बाविसांच्या शेजारी त्यांच्या दोन जादा फायली ठेवा, पण त्या वेगळ्या रस्त्याने भरतील. अँड्र्यूजसाठी केंटकीतल्या फ्लेमिंग काउंटीची न्यायालयीन आणि मालमत्तेची दप्तरं पाहा, तो फ्लेमिंग्सबर्गचा रहिवासी होता. शिवाय उत्तरेच्या प्रोव्होस्ट मार्शलच्या (लष्करी पोलीस अधिकाऱ्याच्या) दप्तरात नागरिकांच्या फायली आहेत, हेर आणि वाटाडे यांचे हिशेबही आहेत.

आणि सॅम्युएल लेवेलिन. बावीस सैनिकांत मेडल न मिळालेला आता हा एकटाच. स्मिथ आणि तो एकत्रच अडवले गेले, एकत्रच कॉन्फेडरेट फौजेत नाव नोंदवून बसले. स्मिथला पदक मिळालं, याला नाही. त्याच्यासाठी ओहायोचा लिफाफा मागवा, पण तेवढ्यावर थांबू नका. कॉन्फेडरेट सैनिकांची एकत्रित निर्देशिका उघडा आणि तिथेही शोधा. आडनाव वेल्श आहे, आणि अमेरिकी कारकुनांनी त्याची मनसोक्त मोडतोड केली असणार : एक ‘एल’, दोन ‘एल’, ‘आय’, ‘वाय’, ‘ई’. सगळी जुळणी कागदावर मांडून ठेवा आणि एकेक खोडत जा. स्मिथची फाईल शेजारी उघडी असू द्या. दोघांच्या कार्डांवरच्या तारखा कुठवर समांतर जातात आणि कुठे फुटतात, तिथपासून पुढचा शोध घ्यायचा.